धनेशाचं जेवण

फार वर्षांपूर्वीची, चैत्र वद्य पंचमीची गोष्ट. ऊन रणरणत होतं. धनेश पक्ष्याची बायको पिल्लांसह ढोलीत होती. त्यांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड लिंपून फक्त चोचीपुरती फट ठेवलेली. धनेश दिवसभर उंबरं आणून भरवी, स्वतः मात्र उपाशी राही. त्या दुपारी फांदीवर उतरताना त्याचा तोल गेला.

"जेवलात का?" तिने आतून विचारलं.

"तुमचं होऊ दे, मग बघू."

"नुसती चोच उरलीय तुमची! माझी पिसं झडलीत, मला उडता येत नाही. तुम्ही पडलात तर आम्हाला कोण भरवणार? आधी खा."

"पिल्लं रडताहेत गं."

"घटकाभर रडू देत."

तिने चोच मिटून घेतली. धनेश उंबराच्या झाडावर गेला. त्याने आधी स्वतः सात उंबरं खाल्ली आणि मग घरी अकरा आणली. ज्येष्ठात दोन्ही पिल्लं उडाली.