खमिराचा गोळा

"आपण गेल्यावर हे घर संपतं का, आई?"

बदलीचा हुकूम आल्यापासून घरभर खोकी होती. रेवानं हे झोपता झोपता विचारलं. आणि इतिहासात एम.ए. केलेल्या मी, सहा वर्षांच्या मुलीला उत्तर दिलं, "अगं, हजार वर्षांची साम्राज्यंसुद्धा संपतात. कॉन्स्टँटिनोपल बघ!"

ती कूस बदलून झोपली. मी नाही.

सकाळी दही लावताना चूक निस्तरायला घेतली. गोष्ट माझ्या मनची. खरी आहे म्हणाले नाही, खोटी आहे असंही नाही.

"बाबा, शेवटचं वाक्य काय लिहू?" निकिफोरनं विचारलं.

निकिफोर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या दरबारातला लेखनिक. नगरी पडली तेव्हा दोनच गोष्टी घेऊन निसटला होता. एक अर्धवट बखर आणि मडक्यात राजवाड्याच्या भट्टीतलं खमीर, पावाचं विरजणच म्हण. आता डोंगरातल्या एका मठात राहत होता.

बखरीत सगळं होतं. ख्रिस्ती सम्राटानं नगरी वसवली ते. उंच तट, सोनेरी घुमट. मग भाऊबंदकी. स्वधर्मीयांनीच केलेली लूट. दर पिढीला आत सरकणारी सरहद्द, आणि शेवटी तुर्कांच्या तोफा.

फक्त शेवट नव्हता.

म्हातारे बाबा गेरासिम मठाचा पाव भाजायचे. त्यांनी परातीवरचं फडकं उचललं.

"पीठ फुगलंय. दाब."

निकिफोरनं मूठ दाबली. पीठ फस्सकन बसलं.

"बसलं, बाबा."

"हं. झाक परत."

"मी साम्राज्याचं विचारतोय!"

बाबांनी फडकं परातीवर ओढलं.

बाबांची एक खोड निकिफोरला खुपायची. दर शनिवारी ते खमिराचा एक गोळा तोडायचे आणि खालच्या वस्तीत कुणाला तरी देऊन यायचे.

"राजवाड्याचं खमीर मेंढपाळणींच्या परातीत?"

"परात स्वच्छ असते त्यांची."

नगरी पडली त्या तिथीला निकिफोरनं एक भलामोठा पाव केला. वर साम्राज्याच्या दोन डोक्यांच्या गरुडाचा ठसा. सगळ्यांनी रडत रडत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मडकं उघडलं. रिकामं. पुढच्या पिठासाठी गोळा बाजूला काढून ठेवायचा, तेच राहून गेलं होतं.

"म्हणजे विरजण संपवलं?" रेवा मध्येच म्हणाली.

"संपवलं. सगळं दुधाला लावलं आणि दही खाऊन टाकलं."

"वेडाच आहे."

निकिफोर मडकं पोटाशी धरून बसला.

"नगरी आधी तुर्कांनी घेतली, बाबा. आज मी घालवली."

बाबांनी त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं. एक वाडगा दिला.

"जा. मागून आण."

"कुणाकडे?"

"दार दिसेल तिथे."

वस्तीतलं पहिलंच दार झोई नावाच्या मेंढपाळणीचं. ती कोपरापर्यंत पिठात.

"बाई, नगरीचं खमीर... थोडं मिळेल?"

"नगरीचं? कुठली नगरी, दादा? हे तर मठातल्या आजोबांचं." तिनं गोळा तोडून वाडग्यात टाकला. "जास्त घ्या. लेकीला सासरी दिलंय, डोंगरापलीकडे. तिनं तिच्या जावेला दिलं. आमच्यात नाही म्हणत नाहीत खमिराला."

निकिफोरनं बाहीनं डोळे पुसले.

"आणि दादा, काल तुम्ही मोठा पाव केलात म्हणे. चांगला फुगला का?"

"...फुगला."

"मग रडताय काय?"

तो धावत वर आला. बाबांनी वाडगा नाकाशी नेला. हुंगला. हसले. पीठ ओतून त्याच्यापुढे परात सरकवली.

निकिफोर मळायला लागला. मळता मळता म्हणाला, "बाबा, मग बखरीचा शेवट?"

बाबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटाबोटांत पीठ.

"असल्या हातांनी कुणी शेवट लिहितं का रे?"

गोष्ट संपली. माझ्या हातात चमचा तसाच, आणि मनात एकच भीती, की आता ती विचारणार, सम्राटाचं काय झालं? मला त्याचं उत्तर येत होतं, आणि ते सकाळी सकाळी सांगण्यासारखं नव्हतं.

रेवानं सम्राटाचं विचारलंच नाही. ओट्यावरची सगळ्यात लहान वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

"यात विरजण घाल. हळबेकाकूंना देऊन येते," ती शेजारच्या दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि सांगते त्यांना, सगळं खायचं नाही. आम्ही मागायला येऊ."