खोदकामाचा अनुभव

नव्या पदवीधरांना फेलोशिप देऊन वर्षभर महापालिकेत कामाला घ्यायचं ठरलं, तेव्हा शहर अभियंता भोंडवेसाहेबांना ते मुळीच रुचलं नव्हतं. म्हणूनच आयुक्तबाईंनी मुलाखती घ्यायला त्यांना शेजारी बसवलं. साहेबांनी सकाळपासून एकेका उमेदवाराची अशी फिरकी घेतली, की दोघं तर रडवेले होऊन बाहेर पडले.

मग केतकी शिरोळे आत आली. तिने पुरातत्त्वात एम.ए. केलं होतं, पण उत्खननाचं काम हंगामापुरतंच मिळायचं. ही संधी हुकली तर काकांच्या औषधांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

अर्ज चाळत साहेब म्हणाले, "पुरातत्त्व? म्हणजे खोदकामच की. अहो, ते आम्ही बारा महिने करतो. शहरातला एक रस्ता सोडलेला नाही. त्यात तुम्ही आणखी काय करणार?"

मुलाखत घेणारे सगळे हसले. केतकीलाही हसू आलं.

"येताना पाहिलं, सर," ती म्हणाली. "तुमच्या-आमच्यात थोडासाच फरक आहे. खोदण्याआधी खाली काय आहे ते आम्ही तपासतो, आणि काम संपलं की खड्डा बुजवूनच घरी जातो."

या वेळी आयुक्तबाई एकट्याच हसल्या, पण अगदी मनापासून. "भोंडवे, तुमच्या विभागात एक जागा आहे ना?"

साहेब घोटभर पाणी प्याले. मग त्यांनी केतकीकडे नीट पाहिलं.

"सोमवारी या," ते म्हणाले. "आणि बूट घालून या. चिखल फार आहे."