मुंगीच्या दारावर खोटं गवत

रेवूच्या घरामागे पेरूचं झाड होतं. झाडापासून थोडं पुढे, मातीत एक भोक होतं. एवढंसं. ते भोक म्हणजे तुरतुरी मुंगीचं दार.

दाराच्या आत खोली. खोलीत तिची बाळं. पांढरी पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, गाढ झोपलेली.

रोज सकाळी रेवू यायची. दारापाशी चिमूटभर रवा-साखर टाकायची. "घे गं तुरतुरी," म्हणायची. रोज म्हणजे रोज.

आणि आज काय झालं, ऐका. ऐकून तुम्हालाही राग येईल. मला तर आलाच आहे.

तुरतुरी पहाटेच खाऊ शोधायला गेली होती. परत आली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर दारच नाही. सगळीकडे हिरवंगार गवत. तिनं एक पातं चावून पाहिलं. शी! प्लास्टिक. वास नाही, चव नाही, काही नाही.

रेवूच्या बाबांनी चेंडू खेळायला कोर्ट करायचं ठरवलं होतं. हुसेनमामा खोट्या गवताची गुंडाळी घेऊन आले. गुंडाळी उलगडली, गडगड गडगड. खिळे ठोकले, ठाक ठाक ठाक. मुंगीला विचारलं का? छे. कुणीसुद्धा नाही.

तुरतुरी म्हणाली, "गवता गवता, हट. दार उघडेना, बाळं माझी आत!"

गवत म्हणालं, "मी नाही हटणार. खिळा सुटेल तर हटेन."

बघा कसं बोललं. जसं काही ते तिथंच उगवलं होतं.

तुरतुरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. खिळ्याकडे आली.

"खिळ्या खिळ्या, सूट. गवत हटेना, दार उघडेना, बाळं माझी आत!"

खिळा म्हणाला, "मी नाही सुटणार. पक्कड ओढेल तर सुटेन."

तुरतुरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पक्कड पिशवीत लोळत होती.

"पकडे पकडे, ओढ. खिळा सुटेना, गवत हटेना, दार उघडेना, बाळं माझी आत!"

पक्कड म्हणाली, "मी नाही ओढणार. मामा उठतील तर ओढेन."

आता काय करायचं या पकडीला? तोंड एवढं मोठं, आणि काम नको.

तुरतुरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. हुसेनमामा पायरीवर बसून चहा पीत होते. फुर्रर, फुर्रर. ती चढली त्यांच्या कानापाशी.

"मामा मामा, उठा. पक्कड ओढेना, खिळा सुटेना, गवत हटेना, दार उघडेना, बाळं माझी आत!"

मामा म्हणाले, "मी नाही उठणार. बाबा सांगतील तर उठेन."

तुरतुरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले, तरी निघाली. बाबा गवतावर पांढरी पट्टी चिकटवत होते.

"बाबा बाबा, सांगा. मामा उठेनात, पक्कड ओढेना, खिळा सुटेना, गवत हटेना, दार उघडेना, बाळं माझी आत!"

बाबा म्हणाले, "मी नाही सांगणार. रेवू म्हणेल तर सांगेन. सगळं तिच्यासाठीच तर चाललंय."

म्हणजे हा म्हणतो तो, तो म्हणतो ती. आणि बाळं बिचारी अंधारात.

तुरतुरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. रेवू नव्या चेंडूशी खेळत होती. टप टप टप.

"रेवू रेवू, म्हण. बाबा सांगेनात, मामा उठेनात, पक्कड ओढेना, खिळा सुटेना, गवत हटेना, दार उघडेना, बाळं माझी आत!"

रेवूनं ऐकलंच नाही. चेंडू आपला टप टप टप.

झालं. तुरतुरीचं डोकं फिरलं. ती रेवूच्या पायावर चढली. अंगठ्यापाशी गेली. आणि चावली.

चट्ट!

"आई गं!"

रेवू मटकन खाली बसली. पाहते तर अंगठ्यावर तुरतुरी, ओरडतेय, "दार उघडेना, बाळं माझी आत!" रेवूनं खिशात हात घातला. खिशात रवा-साखर तशीच! सकाळी ती साखर घेऊन आली होती. तिला दार सापडलं नव्हतं. साखर गेली खिशात, चेंडू आला हातात, आणि मुंगी गेली विसरून.

रेवूचं तोंड एवढंसं झालं. मग तिला राग आला. मुंगी केवढीशी, पण राग एवढा मोठा.

"बाबा, हिचं दार बुजवलंत. हिची बाळं आत आहेत. आत्ताच्या आत्ता उघडा."

मग काय!

रेवूनं म्हटलं,
बाबांनी सांगितलं,
मामा उठले,
पकडीनं ओढलं,
खिळा सुटला, टुप!
गवत हटलं, सर्रर!
दार उघडलं.

तुरतुरी धावत आत गेली. तुरुतुरु तुरुतुरु. बाळं तशीच होती. पांढरी पांढरी, गाढ झोपलेली. तिनं एकेकाला चाटलं. सगळ्यांना चाटलं.

हुसेनमामांनी चाकू घेतला. गवताला बांगडीएवढं गोल भोक कापलं, बरोब्बर दारावर. मग गवत परत घातलं. रेवूनं दारापाशी साखर ठेवली. "घे गं तुरतुरी," म्हणाली. आज जरा जास्तच ठेवली.

पण भोक आलं नेमकं कोर्टाच्या मधोमध. बाबा डोकं खाजवत म्हणाले, आता खेळायचं कसं? रेवूनं लगेच नियम केला. चेंडू भोकापाशी गेला, की गुण मुंगीला.

आता रोज संध्याकाळी खेळ होतो. टप टप टप. रेवू चेंडू टाकते, बाबा टाकतात, मामा आले तर मामाही टाकतात. आणि चेंडू जातो कुठे? भोकापाशी. रोज जिंकतं कोण? तुरतुरी.

जिंकू दे. जागा आधी तिचीच होती.