करालिकेची खुंटी

एका राज्यात, जिथे नद्या आपापली नावे सांगत वाहत आणि दरबारात पोपटांची साक्ष ग्राह्य धरली जाई, तिथे मल्हण नावाचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळकरी राहत होता. बाहुल्या घडवाव्यात, त्यांना दोऱ्या बांधाव्यात आणि वसंतोत्सवात राजा पृथुकीर्तीसमोर नाचवाव्यात, हा त्याचा धंदा. खेळ दरवर्षी एकच. करालिका राक्षसीण राजपुत्राला पळवते आणि राजाचा पूर्वज वीरबाहू तिला हरवून मूल परत आणतो.

खेळाची एक रीत होती. पडदा उघडण्याआधी मल्हण करालिकेला सर्वांदेखत तीन जोडे मारी आणि लोक टाळ्या पिटत. खेळ संपला की इतर बाहुल्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत जात. करालिका मात्र स्वयंपाकघरात चुलीच्या वर, खुंटीला, भिंतीकडे तोंड करून टांगलेली असे. "राक्षसिणीला कसली पेटी?" मल्हण म्हणे. तीस वर्षांत त्याने तिच्या तोंडाकडे धड पाहिले नव्हते. एवढा कसबी माणूस, पण या एका बाहुलीशी त्याचे वैर होते, आणि ते का, हे तो स्वतःलाही विचारत नसे.

एकतिसाव्या वर्षी उत्सवाला आठ दिवस उरले असता त्याने तालमीसाठी जोडा उगारला. एक मारला, दुसरा मारला. तिसऱ्याला करालिका म्हणाली, "पुरे." ती खुंटीवरून उतरली, दाराबाहेर पडली, चालता चालता माणसाएवढी झाली आणि रानाकडे निघून गेली. मल्हणाच्या उजव्या हाताची, जोडा धरलेली पाचही बोटे लाकडाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मनगट लाकडाचे झाले, तिसऱ्या दिवशी कोपर. राजवैद्याने लेप लावला, तर लाकडाला चकाकी तेवढी आली. मांत्रिकाने बोटे मोजून सांगितले, "उत्सवाच्या दिवशी हे काळजाला पोचेल. मग तुम्हीही खुंटीला." मांत्रिकांची जात मोठी स्पष्टवक्ती.

चौथ्या सकाळी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. "मल्हणा," तो म्हणाला, "ती सात ओढ्यांपलीकडे बसली आहे. ऊठ, माझ्यामागून ये."

मल्हणाची बायको हंसा हिने शिदोरी बांधून दिली. सात ओढे ओलांडून तो पोचला, तेव्हा करालिका एका खडकावर बसली होती.

"तीन कामे आहेत," ती म्हणाली. "पहिले. मला जेवू घाल."

खेळात ती कच्चे काळीज मागे. मल्हण काळीज शोधायला निघाला.

"ते तू माझ्या तोंडी घातलेस," ती म्हणाली. "मला काय आवडते?"

निघालेला मल्हण मागे फिरला. आपण घडवलेल्या बाईला काय आवडते हे आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला प्रथमच लाज वाटली. मग त्याला खुंटी आठवली. खुंटीखाली चूल, चुलीवर दूध. तीस वर्षे रोज तिच्या नाकाशी कसला वास गेला असेल? त्याने शिदोरी सोडली. भाकरीबरोबर हंसाने पानात पातेल्याच्या बुडाची दुधाची खरवड दिली होती. करालिकेने ती खाल्ली आणि बोटे चाटली.

"दुसरे. मला हसव."

मल्हणाने विदूषकाचे सगळे विनोद करून दाखवले. भारद्वाज हसून हसून फांदीवरून पडला, करालिका ढिम्म. तेव्हा त्याला आठवले, की लढाईच्या ऐन भरात वीरबाहूचा मुकुट दरवर्षी नाकावर घसरे, आणि त्याच वेळी कोणीतरी खुदकन हसे. तो समजे, हंसा हसली. त्याने आपले पागोटे नाकावर ओढले आणि छाती काढून दोन पावले चालला. करालिका अशी हसली की ओढ्याचे पाणी थांबून बघू लागले.

"तिसरे काम इथले नव्हे," ती म्हणाली. "मला उत्सवात ने. मी ते मूल का उचलते, ते लोकांना कळू दे."

"का उचलतेस?"

"मला काय विचारतोस? घडवलेस तू." एवढे बोलून ती पुन्हा हातभर बाहुली झाली.

तो घरी पोचला तेव्हा लाकूड खांद्याशी आले होते. हंसाने बाहुली मांडीवर घेतली आणि तिचा चेहरा पदराने पुसला.

"अहो," ती म्हणाली, "हिचं लाकूड कुठलं, आठवतंय ना तुम्हांला?"

मल्हणाने मान फिरवली.

"आपल्या बाळाच्या पाळण्याचं. अकरा दिवसच जगला तो. तुम्ही पाळणा फोडलात आणि त्याची ही केलीत."

"राक्षसीण केली," मल्हण म्हणाला. "कोणाला तरी मारायचं होतं मला."

"आणि हिचे हे हात? तुम्ही म्हणता नखं उगारलीत. मला तर ते मूल घ्यायला पुढे केलेले दिसतात."

मल्हणाने पाहिले. ते तसेच होते, आणि त्यानेच कोरले होते. तो चुलीपाशी बसला आणि तीस वर्षांनी रडला.

उत्सव आला. राजा सिंहासनावर बसला, लोक जोड्यांची वाट पाहू लागले.

"महाराज, यंदा जोडे नाहीत."

"रीत मोडतोस?"

"मीच घातली होती, महाराज. मोडायला दुसरे कोण येणार?"

"खेळ दाखव," राजा म्हणाला.

डाव्या हाताच्या दोऱ्या मल्हणाने धरल्या, उजव्याच्या हंसाने. करालिका राजपुत्राच्या पाळण्याशी आली. दरवर्षी ती इथे गर्जना करी. आज मल्हणाच्या तोंडून अंगाई निघाली, अकरा दिवस गायलेली. करालिकेने मूल उचलले, छातीशी धरले. लोक शिव्या द्यायला विसरले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून म्हणाली, "ठेव गं बाई त्याला. त्याची आई उठेल आता."

चोरी ती चोरीच. वीरबाहू आला, मुकुट नाकावर घसरला, लढाई झाली आणि मूल आईकडे गेले. करालिकेचे हात मात्र तसेच पुढे राहिले. तिच्या लाकडी डोळ्यांतून दोन थेंब ओघळले.

मल्हणाने पुढे होऊन ते पुसले. अंगठ्याला ओल लागली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण उजव्या हाताने पुसतो आहोत.

राजा सिंहासनावरून पुढे झुकला. मग म्हणाला, "म्हणजे ती वाईट नव्हती?"

"ती पुढच्या वर्षीही मूल चोरेल, महाराज. पण आता मी तिच्या बाजूला उभा असेन."

त्या संध्याकाळी मल्हणाने तिला मऊ कापडात गुंडाळले. "पेटी नको," ती म्हणाली. "तिथे खरवडीचा वास येत नाही." म्हणून ती अजून खुंटीलाच आहे, पण तोंड घराकडे करून. दूध तापले, वाढून झाले, की हंसा पातेले क्षणभर तिच्या नाकाखाली धरते, आणि मगच घासायला टाकते.