तापाची धाकटी बहीण

एक होती राणी. चंद्रावती तिचे नाव. तिची एकुलती एक लेक शेवंती. लेक पाऊल टाकू लागते न लागते, तोच तिच्या अंगात ताप येऊन बसला, तो महिनोन्महिने हलेना. राणी उशाशी बसून राहिली. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. मुदपाकखान्यातली फोडणी बंद झाली. कारण घरात असा पाहुणा असला, की फोडणीचा खकाणा त्याला खपत नाही, बरं का.

अखेर ताप उठला. राणीने दहीभात देऊन वेशीपर्यंत त्याची बोळवण केली. पण त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती, धास्ती. ती पलंगाखालीच राहून गेली. कोणाला कळलेही नाही.

मग शेवंती मोठी झाली. अंगाने धडधाकट, पण ओठांवर हसू म्हणून नाही. झोपाळा दिसला की मागे सरे, आईचा पदर सुटला की थरथरे. मग राजवैद्य आले; नाडी पाहून म्हणाले, पोर ठणठणीत आहे. मग मांत्रिक आला. मोरपिसे फिरवून दमला. मग बहुरूपी आला. तो बिचारा स्वतःच रडवेला होऊन परतला. राणी पार थकून गेली. तरी रोज तिन्हीसांजेला ती लेकीच्या कपाळाला हात लावी, आणि पलंगाखाली धास्तीचे पोट भरे.

एकदा शेवंतीने तो हात धरून ठेवला.

"आईसाहेब, मी अजून आजारी आहे का?"

"नाही गं, बाळ."

"मग आपल्याकडे फोडणी का होत नाही?"

राणी उठली. ती तशीच मुदपाकखान्यात गेली. तेल तापले, मोहरी तडतडली, मिरची पडली. सगळ्या राजवाड्याला ठसका लागला. पलंगाखालीही कोणी तरी शिंकले. शेवंतीने वाकून पाहिले, तर मूठभर, केविलवाणी धास्ती.

"एवढीशीच होय ही?" म्हणाली, आणि हसली.

मग मायलेकींनी धास्तीला फोडणीचा दहीभात वाढला आणि वेशीपर्यंत पोचवले. ती अजूनही अधूनमधून येते, बरं का. शेवंती तिला घासभर भात देते आणि वाटेला लावते.

धास्तीला पहिल्यांदा पोचवले, त्या रात्री राणीने लेकीच्या कपाळाला हात लावला नाही. कित्येक वर्षांनी ती लेकीच्या आधी निजली, आणि लेकीने तिला पांघरूण घातले. पुढे दोघी सुखाने नांदल्या.

राणीसुद्धा निजली, बाळांनो. आता तुम्हीही डोळे मिटा.