आबासाहेबांची लाल राणी

सांगलीच्या आबासाहेब इंगवल्यांचा जीव एकाच गाडीत होता: वडिलांच्या काळातली, दोनच माणसं बसणारी लाल स्पोर्ट्स कार. तिला ते राणी म्हणत. सूनबाईंच्या आग्रहाने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या पांढऱ्या सेडानला मात्र डबा.

खंडेनवमीला बंगल्यापुढे अवजारं आणि गाड्या पूजेला मांडल्या. राणी झेंडूत बुडाली होती, सेडानवर एक पाकळीही नव्हती. सेडानचा ड्रायव्हर बाळकू चौगुले उरलेला हार घेऊन पुढे झाला, तसे आबासाहेब पाहुण्यांसमोर गरजले, "थांब! माझ्या राणीला जमत नाही असं एक तरी काम हा डबा करतो का, सांग. नाहीतर उद्याच डबा विकतो, आणि तू बस घरी!"

बाळकूने टोपी सारखी केली.

"राणीची बरोबरी कोण करणार, आबासाहेब? तुम्ही तिला फिरवायला काढता, तेव्हा तुमच्याच हुकमाने मी डबा घेऊन मागून येतो. जाताना एकदाही तिच्या पुढे गेलो नाही."

आबासाहेबांनी मिशीला पीळ दिला. "जाशील कसा?"

"येताना जातो की," बाळकू नम्रपणे म्हणाला आणि त्याने डिकीतून जाडजूड दोर काढला. "दोघांच्या मधे हा बांधून."

हसण्याने अंगण दणाणलं. आबासाहेब आधी राणीसारखे लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"घाल हार त्या डब्याला," ते म्हणाले, "आणि तो दोर पण पूजेला मांड. वर्षभर खरा राबतो तो तोच!"