पोटातल्या टाळ्या

डुकरं बोलायची आणि म्हशी शेजारधर्म पाळायच्या, त्या काळची गोष्ट. अंगावरचं दूध सुटलं आणि ढेपल्या नावाच्या डुकराच्या पिल्लाला हगवण लागली. त्याच्या आईनं शेजारच्या म्हशीकडून वाटीभर दही मागून आणलं आणि भरड्यात कालवलं.

"खा बाळा, यात चांगले जंतू असतात."

"जंतू? शी! मी नाही खाणार घाण!" कानापर्यंत चिखलात बसलेला ढेपल्या म्हणाला.

तेवढ्यात त्याच्याच पोटातून टाळ्या वाजल्या. "शाब्बास राजा! परक्यांना आत घेऊ नकोस!"

ढेपल्या हरखला. "आई, बघ! माझ्या बाजूनं कोण बोलतंय?"

"तुझ्या हगवणीवर ज्यांचं पोट भरतंय, ते," आई म्हणाली.

ढेपल्यानं चिखलासकट तोंड भरड्यात घातलं. टाळ्या थांबल्या.